वर्गाचा वर्ग

मागच्या महिन्यात भाची राहायला आली होती. अकरावी, त्यात प्रवेश परीक्षेचा क्लास, त्यामुळे दोन दिवसांच्या सुट्टीतही पाठीवर दप्तर नव्हे, पोतंच. संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून मेथी निवडत होते आणि ती समोर बसून गणितं सोडवत होती. पेन्सिलीचं मागचं टोक दातात धरायची सवय तिने बापाकडून उचलली आहे. मधेच म्हणाली, "आत्या, क्वाड म्हणजे चार ना गं? क्वाड्रिलॅटरल म्हणजे चौकोन, मोबाइलचा क्वाड कॅमेरा म्हणजे चार कॅमेरे. मग क्वाड्रॅटिक इक्वेशनमध्ये घात दोनच कसा? आणि घात चार झाला की त्याचं नाव बायक्वाड्रॅटिक. बाय म्हणजे दोन, क्वाड म्हणजे चार. बे चोक आठ. आठ नको का व्हायला?" वर आणखी एक गाऱ्हाणं होतंच. क्लासच्या चाचणीत तिने 'बायक्वाड्रॅटिक म्हणजे चौथ्या घाताचं समीकरण' असं लिहिलं, तर त्यावर लाल काट. सरांचं म्हणणं, ज्यात फक्त सम घात असतात तेवढंच बायक्वाड्रॅटिक. पण बापाच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकात तिने लिहिलं तसंच छापलेलं होतं; तिथूनच तर तिने ते घेतलं होतं. माझे हात मातीने बरबटलेले, कुकरची दुसरी शिट्टी होऊन गेलेली, मेथीच्या दोन जुड्या अजून बाकी. मी म्हणाले, "अगं, नावंच ती. त्यात काय अर्थ शोधायचा? सर सांगतात तसं पाठ कर."

ती काही बोलली नाही. 'बरं' म्हणून तिने पान उलटलं. त्या 'बरं'मध्ये राग नव्हता, आणि तेच मला नंतर जास्त लागलं. एक दार ठोठावून पाहिलं, बंद आहे, चला पुढे, एवढंच त्यात होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली. मेथीची भाजी तिला आवडली होती, डब्यातही दिली. पण भांडी आवरताना, फिरायला जाताना, रात्री पंख्याकडे बघत पडल्यावर ते बे चोक आठ डोक्यात फिरत राहिलं.

कारण 'पाठ कर' हे शब्द माझे नव्हतेच.

ते मी जळगावला ऐकले होते, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली मी. भूमिती, गुणोत्तर, वर्गसमीकरण, घनमूळ हे शब्द घरातल्या भांड्यांसारखे सवयीचे. कॉलेजात पाऊल टाकलं आणि भांडी तीच, पण कुणीतरी सगळी वेगळ्या फडताळात लावून ठेवल्यासारखं झालं. फळ्यावर प्राध्यापकांनी एक लांबलचक शब्द लिहिला आणि त्याच्याखाली दोनदा रेघ मारली. मी वहीच्या समासात देवनागरीत लिहून घेतलं: बायक्वाड्रॅटिक. तेव्हा मी सगळेच शब्द असे समासात मराठीत लिहायची, उच्चार चुकून हसं होऊ नये म्हणून. मुलांच्या बाकांवरून कुणीतरी विचारलं, सर, या नावाचा अर्थ काय. प्राध्यापकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. खडू चालूच होता. पाठ करा, परीक्षेला व्याख्या येते, म्हणाले. प्रश्न माझाही होता. दुसऱ्या कुणी विचारला म्हणून मला हायसं वाटलं होतं आणि त्याला उत्तर मिळालं नाही म्हणून आणखी हायसं, की बरं झालं आपण नाही विचारलं. हे आज लिहिताना जरा लाज वाटते. पुढे बँकेत लागले आणि चौथ्या घाताशी संबंध संपला. व्याजाला क्वचित वर्ग लागतो, आणि चक्रवाढीचं गणित यंत्रच करतं.

खरं तर त्या समीकरणाशी माझी भेट त्याआधीच झालेली होती, फक्त नाव न सांगता. आमच्या वेळच्या बीजगणितात वर्गसमीकरणाच्या धड्याच्या शेवटी 'वर्गसमीकरणात रूपांतर होणारी' असा एक भाग असायचा. आमच्या पुस्तकात अज्ञाताला एक्स होता, वडिलांच्या जुन्या पुस्तकात क्ष. मला क्ष आवडतो, म्हणून इथे क्षच. तर, क्षचा चौथा घात, वजा १३ क्ष-वर्ग, अधिक ३६, बरोबर शून्य. पाहिलं की छातीत धस्स व्हायचं. मग सरांनी शिकवलेला मंत्र म्हणायचा: 'क्ष-वर्ग बरोबर एम मानू.' एवढं म्हटलं की तो चार डोक्यांचा राक्षस एकदम ओळखीचा निघायचा, एम-वर्ग वजा १३ एम अधिक ३६. एम म्हणजे ४ किंवा ९. बोर्डाच्या परीक्षेत मी इथवर आले, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या गणिताला लागले. एम वरून परत क्ष कडे यायचं राहूनच गेलं. उत्तर हवं होतं अधिक-उणे २ आणि अधिक-उणे ३. घरी येताना सायकलवरच आठवलं आणि तिथेच रडू फुटलं. त्या गणिताचं काय विशेष? तर वर्गसमीकरणच, पण त्याच्या पोटात अज्ञाताऐवजी आधीच एक वर्ग बसलेला. हे मला चाळीस वर्षांनी, मेथीच्या देठांचा कचरा टाकताना सुचलं.

मग मी शोधायला बसले. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि हट्टही. पहिलं कोडं लगेच सुटलं. क्वाड्रॅटिकमधला 'क्वाड' घात मोजत नाही. लॅटिनमध्ये क्वाड्राटुस म्हणजे चौरस. चार आहेत ते चौरसाच्या बाजूंचे. आपण 'चौकट' म्हणतो तेव्हा चार लाकडं मनात असतात, त्यातला हा चार. आणि 'बाय' म्हणजे दोनाने गुणणं नाही, 'दोनदा'. चौरस करा, मग आलेल्याचा पुन्हा चौरस करा. बायक्वाड्रॅटिक म्हणजे दोनदा वर्ग. बे चोक आठ नाही. बे दुणे चार. हे त्या संध्याकाळी मला दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही असं म्हणायला जीभ रेटली नाही.

पण मजा पुढेच आहे. मला वाटत होतं ही इंग्रजीची खोड. तशी ती कुणा एकाची नाहीच. तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियात डायोफँटस नावाचा गणिती होऊन गेला, तो वर्गाला ग्रीकमध्ये 'डायनामिस' म्हणतो आणि चौथ्या घाताला 'डायनामोडायनामिस'. बगदादकडचे गणिती वर्गाला म्हणायचे 'माल' आणि चौथ्या घाताला 'माल माल'. हा माल आपलाच, मालमत्तेतला. अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि मार्केट यार्डात स्थिरावला. अज्ञात संख्या म्हणजे एखादी वस्तू, आणि ती तिच्याच पटीत वाढली की झाला माल, धन. बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला हे किती पटावं! इटालियन लोकांनी त्याचं 'चेन्सो' केलं, म्हणजे पुन्हा मालमत्ताच, आणि चौथ्या घाताचं 'चेन्सो दि चेन्सो'. तिथून जर्मनांच्या तोंडी पडून शब्द इंग्लंडात पोहोचेपर्यंत त्याचा पार चोळामोळा झाला. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या गणित्याच्या पुस्तकात चौथा घात 'झेन्झीझेन्झिक' म्हणून अवतरतो, आणि आठवा घात 'झेन्झीझेन्झीझेन्झिक'. हा शब्द मी तीनदा मोठ्याने म्हटला, तेव्हा हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "मच्छर आहेत का गं?"

आणि संस्कृतात? वर्गवर्ग.

हे वाचलं त्या दिवशी मी चहा गार होऊ दिला. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञाताला 'यावत्-तावत्' म्हणतात, म्हणजे जेवढं असेल तेवढं. लिहिताना त्याचं नुसतं 'या'. त्याचा वर्ग 'याव', घन 'याघ', आणि चौथा घात 'यावव'. व-व. वर्गाचा वर्ग. ऋण संख्या असेल तर आकड्याच्या डोक्यावर टिंब. मी समासात चोरून 'बायक्वाड्रॅटिक' लिहीत होते आणि त्याच शब्दाचा थोरला भाऊ माझ्या गावापासून एसटीच्या एका तिकिटावर साडेआठशे वर्षं नांदत होता.

हे तिकिटाचं मी अलंकार म्हणून लिहीत नाही. माझं माहेर चाळीसगाव तालुक्यातलं. शाळेची सहल ठरलेली, पाटणादेवी. डोंगरांच्या कुशीत चंडिकादेवीचं देऊळ, सागाची वाळलेली पानं पायाखाली चुरचुरतायत, डब्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत, भरिताला कांद्याच्या पातीचा वास. देवीचं दर्शन, मग ओढ्यात पाय, मग गाण्याच्या भेंड्या. तीन वेळा गेले मी त्या सहलीला. एकदाही कुणी सांगितलं नाही की या पाटणला एक शिलालेख सापडलाय, भास्कराचार्यांच्या नातवाचा. नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ या मांडलिक घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखातला शक ११२८ आहे, म्हणजे १२०७ च्या आसपासचा. मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. लेख संस्कृतात, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, कारण तिथे हिशेब आहे, आणि हिशेब लोकांना कळायला हवा. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल, त्यावर राजाचा जो वाटा होता तो मठाला दिला, अशा अर्थाचं काही तिथे म्हटलंय. मालाला शब्द आहे 'केणें'. म्हणजे कुणीतरी बैलगाडीतून धान्य आणलं, ते विकलं गेलं, त्यातला चिमूटभर वाटा मठात गेला, आणि त्यावर एका पोराने सारवलेल्या जमिनीवर बसून 'यावव' शिकलं. तिकडे मालाचा माल, इकडे केण्याचं बीजगणित. मी हे भावाला फोनवर उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण तिची काट कमी होणारे का?"

भास्कराचार्यांनी वर्गवर्गाचं एक गणित घातलंय. बीजगणिताचा तो ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. गणित असं: एका संख्येला २०० ने गुणलं, त्यात त्याच संख्येचा वर्ग मिळवला, आलेल्याची दुप्पट केली आणि ती दुप्पट त्या संख्येच्या वर्गवर्गातून काढून टाकली. उरले एक कमी दहा हजार. बीजाची क्रिया येत असेल तर ती संख्या सांग. हे मी वाणसामानाच्या यादीच्या मागे मांडलं. वर्गवर्ग, वजा २ क्ष-वर्ग, वजा ४०० क्ष, बरोबर ९९९९. इथे 'एम मानू' चालत नाही. मधे तो ४०० क्ष आडवा पडलाय, सम घातांच्या पंगतीत विषम पाहुणा. तासभर मी झगडले, मग त्यांचंच उत्तर पाहिलं. ते म्हणतात, दोन्ही बाजूंना क्ष-वर्गाची चौपट, क्षची ४०० पट आणि १ मिळव. झालं. डावीकडे क्ष-वर्ग अधिक १ याचा सबंध वर्ग तयार होतो. उजवीकडे २ क्ष अधिक १०० याचा. दोन्ही बाजूंची वर्गमुळं काढली की साधं वर्गसमीकरण उरतं, क्ष वजा १ चा वर्ग १००, म्हणून क्ष ११. पडताळा घेतला: ११ चा वर्ग १२१, त्याचा वर्ग १४६४१, त्यातून २४२ गेले, ४४०० गेले, राहिले ९९९९. एकाच घासात काटा निघावा तसं वाटलं. (उणे ९ सुद्धा बसतो, करून बघा. भास्कराचार्य ११ सांगून मोकळे झालेत.) पण ती ४, ४०० आणि १ ही रक्कम सुचली कशी? त्याचा नियम नाही. तिथे ज्याची त्याची बुद्धी. मती हेच खरं बीज, असं भास्कराचार्यांनी दुसरीकडे म्हटलेलंच आहे, आणि पाठांतरावर आयुष्य काढलेल्या मला ते वाक्य टपलीसारखं लागलं.

नियम सापडला तो इटलीत, जवळजवळ चारशे वर्षांनी, आणि तोही चौदाव्या वर्षी घरकामाला म्हणून ठेवलेल्या पोराला. मिलानमधल्या कार्डानो नावाच्या वैद्य-गणित्याकडे लुडोविको फेरारी नोकर म्हणून आला, मालकाने त्याची चमक पाहून त्याला शिकवलं, आणि १५४० मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी, त्याने चौथ्या घाताचं कुठलंही समीकरण सोडवायची रीत काढली. रीत तीच, दोन्ही बाजूंना असं काही मिळवायचं की दोन्हीकडे पूर्ण वर्ग व्हावेत. फक्त काय मिळवायचं ते बुद्धीवर न सोडता एक घन समीकरण सोडवून काढायचं. कार्डानोने १५४५ च्या ग्रंथात ती छापली, श्रेय त्या पोराला देऊन. आमच्याकडे कित्येक मालकांना हे अजून जमत नाही. पण त्याच ग्रंथात कार्डानोचा सूर चौथ्या घाताबद्दल जरा नाइलाजाचा आहे. पहिला घात म्हणजे रेघ, दुसरा म्हणजे पृष्ठभाग, तिसरा म्हणजे घन वस्तू. त्यापुढे जाणं हा खुळेपणा, निसर्गात तशी सोय नाही, अशा अर्थाचं तो लिहितो. पोराने केलंय म्हणून देतो बापडा, असं.

ते वाचताना मला आमचे शाळेतले गणिताचे सर आठवले. पांढरा सदरा, खिशाला शाईचा डाग, बोटांना कायम खडू. त्यांनी गावच्या सुताराकडून एकाच मापाचे लाकडी ठोकळे करून घेतले होते, २७. आधी तीन ठोकळे ओळीत मांडायचे: हा ३. मग तीन ओळी: हा वर्ग. मग त्यावर आणखी दोन थर: हा घन. त्या ठोकळ्यांना बाभळीचा वास होता आणि खालच्या कडा हात लागून लागून गुळगुळीत झाल्या होत्या. वर्गात वर्ग शिकवतायत, असा विनोद दर वर्षी कुणीतरी करायचा आणि सर दर वर्षी हसायचे. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आता चौथा घात मांडा." सरांनी ठोकळ्यांच्या ढिगाकडे पाहिलं, वर पाहिलं, सगळीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "याच्यापुढे हाताला लागत नाही रे." लांबी, रुंदी, उंची, संपलं. ते बोलताना त्यांचा चेहरा जरा पडला होता. मला त्यांची तेव्हा दया आली होती. सर चुकले नव्हते. कार्डानोही तिथेच अडला होता.

आणि नाव ठेवणारे मात्र अडले नव्हते. हे माझं म्हणणं आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. ग्रीक असो, अरब असो, आपला भास्कर असो, यांनी चौथ्याला नाव देताना तिसऱ्याच्या पुढे चौथी दिशा शोधलीच नाही. ते दुसऱ्यापाशी परत आले आणि तेच पुन्हा केलं. वर्गाचा वर्ग, मालाचा माल. आज आपण 'चतुर्घाती' म्हणतो, इंग्रजीत 'क्वार्टिक' म्हणतात, ते पाय मोजून ठेवलेलं नाव आहे. स्वच्छ आहे, गोंधळ होत नाही, पंचघाती-षड्घाती ओळीने येतात. (तसा 'चतुर्घाती' हा शब्द सलग ऐकला की मला चतुर आणि घातकी असा कुणीतरी भाऊबंद डोळ्यांसमोर येतो, पण ते राहू दे.) क्वार्टिक आला आणि जुन्या बायक्वाड्रॅटिकची गत सुनेच्या हाती किल्ल्या गेलेल्या सासूसारखी झाली. पूर्वी घर सगळं तिचं. चौथ्या घाताचं कुठलंही समीकरण असो, नाव तेच. इंग्रजीतल्या जुन्या पुस्तकांत तसंच सापडतं. आता अनेक ठिकाणी तिला एकच खोली उरली आहे, फक्त सम घात असलेली समीकरणं, आमच्या 'एम मानू'वाली. फ्रेंचांकडे 'बिकारे' म्हटलं की ही एवढीच समीकरणं. म्हणजे भाचीचं उत्तरही बरोबर आणि तिच्या सरांचंही. माझा जीव अर्थातच सासूकडे ओढतो, वयामुळे असेल. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ती उरलेली खोली तिला शोभतेही. वर्गाच्या पोटात वर्ग खरोखर दिसतो तो तिथेच.

"पण याचा उपयोग काय?" हेही भाचीने जाता जाता विचारलं होतं, आणि तेही मी हसण्यावारी नेलं होतं. उपयोग हॉलमध्येच उभा होता. ह्यांनी हौसेने करून घेतलेल्या पुस्तकांच्या कपाटाची मधली फळी, सहा फुटी, वर्षभरात झोळीसारखी वाकली. सुताराला बोलावलं तर त्याने फळीला हातही न लावता सांगितलं, "ताई, गाळा लांब झाला. मधे दोन उभ्या पट्ट्या देतो." मी म्हटलं, फळी जाड घाल. तो म्हणाला, पट्ट्याच द्या. बरोबर होतं त्याचं. जाडी तीच, फुटामागे पुस्तकांचं वजन तेच, पण फळी मधोमध जितकी वाकते ते वाकणं लांबीच्या चौथ्या घातात वाढतं. लांबी दुप्पट की बाक १६ पट. दोन फुटी फळीच्या तिप्पट आमची सहा फुटी, म्हणजे बाक ८१ पट. सुताराला वर्गवर्ग कुणी शिकवला नव्हता. त्याच्या हाताला तो लागला होता. आणि सगळ्यात वर म्हणजे, चौथ्याच्या पुढे जाऊन पाचव्या घातासाठी असं सरसकट सूत्र निघूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेल नावाच्या गणित्याने १८२४ मध्ये सिद्ध केलं. बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि मुळं काढणं एवढ्या हत्यारांनी तिथे भागत नाही. जिन्याची सरसकट सगळ्यांसाठी बांधलेली शेवटची पायरी चौथीच.

८१ हा आकडा डोक्यात घेऊनच मी एका सकाळी चहाचा कप ह्यांच्यापुढे ठेवला. हे सुडोकू सोडवत होते. रोजचंच. पेन्सिल नाही, पेनने, कारण खोडायला लागणं म्हणजे कमीपणा. मी सहज खाली पाहिलं आणि पाहतच राहिले. तीन बाय तीनचा एक मोठा चौकोन. त्याच्या प्रत्येक घरात पुन्हा तीन बाय तीनचा चौकोन. नऊ घरं, आणि घराघरात नऊ. ८१. तीनाचा वर्गवर्ग, जाड रेघांनी छापलेला, दूधवाल्याच्या बिलाशेजारी. रोज सकाळी तो दारात येऊन पडत होता. सरांना हे दिसायला हवं होतं. ठोकळे न रचता, नुसतं जमिनीवर: आधीचा वर्ग घ्या आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्याच्या जागी तो सबंध वर्गच ठेवा. हाताला लागतं, सर. फक्त वर नाही जायचं, आत जायचं. सर जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या ठोकळ्यांचं पुढे काय झालं कुणास ठाऊक, चुलीत गेले असतील.

ह्यांच्या हातून पेपर ओढून घेतला, पेनने मोठा चौकोन गिरवला, मधे ८१ लिहिलं, फोटो काढला आणि भाचीला पाठवला. मग लगेच फोन केला. क्वाडचे चार कुठले, बायचे दोन कसले, मालमत्ता, यावव, मच्छर, सगळं एका दमात सांगितलं. माफी मागायची ठरवली होती, ती मात्र नीट मागता आली नाही, "त्या दिवशी मी घाईत होते" एवढंच निघालं. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "अय्या आत्या, म्हणजे सुडोकू बायक्वाड्रॅटिक आहे?" तो आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला. पुढचा प्रश्न लगेच आला, "पण मग पुढच्या टेस्टमध्ये काय लिहू?"

मी जरा थांबले. "सर म्हणतात ते लिही," मी म्हणाले. "आणि खाली कंसात दुसरं पण लिही."

"कंसातल्याला मार्क नसतात गं," ती म्हणाली, आणि हसली.

फोन ठेवला तर हे चष्मा कपाळावर सरकवून पेपर उजेडाकडे धरून बघत होते. "मधल्या चौकोनात ८१ कसा येईल?" म्हणाले. "एक ते नऊच असतात ना?"